तीन मिनिटांच्या गाण्यासाठी पाच महिने: युरोव्हिजनचे चाहते नेमके कशात रमतात?

१३ मे २०२३ च्या रात्री लिव्हरपूलच्या भव्य प्रेक्षागृहात युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेची गुणमोजणी चालू होती. एकेका देशाचा प्रतिनिधी पडद्यावर येऊन आपल्या परीक्षकांचे गुण वाचून दाखवत होता आणि त्यांतले सर्वाधिक गुण पुन्हा पुन्हा स्वीडनच्या लोरीन या गायिकेच्या पारड्यात पडत होते. समोरची गर्दी मात्र भलत्याच गाण्याचे ध्रुवपद घोषणेसारखे ओरडत होती: ‘चा चा चा! चा चा चा!’ ते गाणे होते फिनलंडच्या कॅरियाचे. फुगीर बाह्यांचा झगझगीत पोपटी अंगरखा घालून, अर्धे गाणे गुरगुरत आणि अर्धे नाचत सादर करणारा हा गायक परीक्षकांच्या यादीत चौथा होता. नंतर प्रेक्षकांच्या मतांचे गुण जाहीर होऊ लागले आणि त्याच्या खात्यात एकदम ३७६ गुण जमा झाले. आता सारे स्वीडनवर येऊन ठेपले होते. लोरीनला पुढे जायला १८७ गुण हवे होते, तिला मिळाले २४३. ती ५७ गुणांनी जिंकली, स्पर्धा दोनदा जिंकणारी पहिली स्त्री ठरली, आणि प्रेक्षागृहातल्या निम्म्या चाहत्यांचा चेहरा मात्र पडला.

फिनिश भाषेचा एक शब्दही न कळणारी हजारो माणसे त्या रात्री ते गाणे पाठ म्हणत होती. या स्पर्धेत बक्षिसाची मोठी रक्कम नसते, विजेत्याला काचेचा एक मायक्रोफोन मिळतो आणि पुढच्या वर्षीचा खर्चिक सोहळा भरवण्याची जबाबदारी त्याच्या देशाच्या प्रसारण संस्थेवर येते. तरीही २०२५ ची स्पर्धा आयोजकांच्या आकडेवारीनुसार १६ कोटी ६० लाख लोकांनी पाहिली. हा उत्साह समजून घ्यायचा असेल, तर अंतिम फेरीच्या रात्रीपासून सुरुवात करून चालत नाही, कारण चाहत्यांच्या दृष्टीने ती रात्र म्हणजे मोसमाचा शेवट असतो.

मूळ कल्पना साधी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन हा संघ स्थापन केला. अनेक देशांत एकाच वेळी थेट प्रक्षेपण करता येते का, हे तपासण्यासाठी या संघाला एखादा सामायिक कार्यक्रम हवा होता. इटलीतल्या सानरेमो गावात १९५१ पासून भरणारा गीतमहोत्सव समोर होताच. त्या धर्तीवर २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात पहिली स्पर्धा झाली. त्यात ७ देश होते, प्रत्येकाची दोन गाणी होती, आणि यजमान देशाची लिस आसिया ही गायिका जिंकली. यात सहभागी होते ती त्या त्या देशाची प्रसारण संस्था, सरकार नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढची अनेक कोडी सुटतात. २०१५ पासून ऑस्ट्रेलिया या स्पर्धेत का दिसतो, याचे उत्तर तिथल्या एका वाहिनीने १९८३ पासून हा कार्यक्रम सातत्याने दाखवण्यात आहे. गायक त्या देशाचा नागरिक असावा असाही नियम नाही, म्हणूनच कॅनडाची सेलीन डिऑन १९८८ मध्ये स्वित्झर्लंडतर्फे गायली आणि अवघ्या एका गुणाने जिंकली.

बाकीचे नियम मोजकेच आहेत. गाणे जास्तीत जास्त तीन मिनिटांचे असावे, रंगमंचावर सहापेक्षा अधिक माणसे नसावीत, मुख्य गायन प्रत्यक्ष व्हावे, प्राणी आणू नयेत आणि गाणे आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी बाजारात आलेले नसावे. यातल्या शेवटच्या नियमामुळे दरवर्षी तीन डझनांच्या आसपास कोरी गाणी एका ठरावीक काळात एकामागून एक बाहेर पडतात, आणि चाहत्यांचा मोसम तिथेच सुरू होतो.

डिसेंबरात अल्बानिया आपले गाणे निवडते. जानेवारी ते मार्च हा राष्ट्रीय निवड फेऱ्यांचा काळ असतो. स्वीडनची ‘मेलोडीफेस्टिवालेन’ कित्येक शनिवार चालते आणि तो तिकडचा घरोघरी पाहिला जाणारा कार्यक्रम आहे. इटलीत सानरेमोच्या पाच रात्रींमधून विजेता ठरतो आणि युरोव्हिजनला जाण्याचा पहिला हक्क त्याला मिळतो, पण तो हक्क नाकारायचीही मुभा असते. २०२५ मध्ये सानरेमो जिंकलेल्या ओली या गायकाने नकार दिला आणि दुसऱ्या क्रमांकावरचा लुचो कोर्सी त्या वर्षीच्या यजमान शहरी, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेला. विजेता होकार देईपर्यंतचे ते दिवस चाहत्यांनी निवडणुकीच्या निकालाची वाट पाहावी तसे काढले. काही शनिवारी तीन-चार देशांच्या अंतिम फेऱ्या एकाच रात्री येतात. अशा रात्री मुरलेला चाहता संगणकावर चार खिडक्या उघडून बसतो आणि लिथुएनियाचा निकाल ऐकता ऐकता नॉर्वेचे सादरीकरण चुकल्याची हळहळ व्यक्त करतो.

मार्चच्या मध्यावर सगळी गाणी आयोजकांकडे पोचतात. यानंतर याद्या करण्याचा काळ येतो. प्रत्येक चाहता सर्व गाण्यांची पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवारी लावतो, ती दर आठवड्याला बदलतो, आणि आधी तळाशी टाकलेले एखादे गाणे वर का आले याचे सविस्तर समर्थन करतो. १९८४ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या ‘ओजीएई’ या चाहतामंडळांच्या जाळ्याच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. स्पर्धेच्या आधी या शाखा आपापसांत मतदान घेऊन आपला विजेता जाहीर करतात. एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅम आणि लंडन यांसारख्या शहरांत स्पर्धकांचे छोटेखानी कार्यक्रम होतात. ध्वनिमुद्रणात अप्रतिम वाटलेला आवाज प्रत्यक्षात कसा लागतो, याची पहिली परीक्षा तिथे होते. त्यानंतर यजमान शहरातल्या तालमी, वेशभूषेची पहिली छायाचित्रे, सट्टेबाजांचे चढउतरते भाव, आणि अखेरीस मे महिन्यात दोन उपांत्य फेऱ्या व अंतिम फेरी.

गाण्यांवर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. सानरेमोतली गाणी तीन मिनिटांहून लांब असू शकतात, त्यामुळे युरोव्हिजनसाठी त्यांना कात्री लावावी लागते. कोणते कडवे गेले, वाद्यमेळ बदलला का, मधली आलापी टिकली का, यावर एप्रिलभर जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. मला विचाराल तर संगीताच्या बांधणीविषयी सामान्य श्रोत्यांमध्ये एवढी बारकाईने चर्चा दुसऱ्या कोणत्या निमित्ताने होत असेल असे वाटत नाही.

चाहत्यांच्या उत्साहातली खरी गोम मात्र वेगळीच आहे. अंतिम फेरीच्या रात्रीपर्यंत चाहत्याने प्रत्येक गाणे तीस-चाळीस वेळा ऐकलेले असते. घरी जेवण उरकून दूरचित्रवाणी लावणारा सामान्य प्रेक्षक तेच गाणे त्या रात्री पहिल्यांदा ऐकतो, तेही पंचवीस-सव्वीस गाण्यांच्या रांगेत. चाहत्याच्या कानाला सवयीने गोड लागलेली चाल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सपाट वाटू शकते, आणि चाहत्याला चौथ्याच ऐकण्यात कंटाळवाणी झालेली गंमत नवख्याला खुर्चीतून उठवू शकते. मोसमभर चाललेले अंदाज म्हणजे एका अर्थी स्वतःचा कान विसरून परक्या कानाने ऐकण्याची धडपड असते, आणि ती फसते म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा करावीशी वाटते.

२०१७ चे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्या वर्षी इटलीचा फ्रान्चेस्को गाब्बानी सट्टेबाजांचाही लाडका होता आणि ओजीएईच्या मतदानाचाही विजेता होता. त्याच्या गाण्यात गोरिलाचा वेश घातलेला नर्तक होता, हातांच्या ठरावीक हालचाली होत्या, आणि स्पर्धेपूर्वीच ते गाणे इंटरनेटवर अफाट पाहिले गेले होते. मे महिन्यापर्यंत चाहत्यांना त्या गोरिलाची इतकी सवय झाली होती की तो रंगमंचावर आला तेव्हा नवलाई उरलीच नव्हती, आणि नवख्यांना तर हा गोरिला इथे का आला तेच कळत नव्हते. दुसरीकडे पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल होता. हृदयविकारामुळे तो कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींनाही येऊ शकला नव्हता, म्हणून गाण्याची रचनाकार असलेली त्याची बहीण लुईझा त्याच्या जागी उभी राहून गायली होती. अंतिम फेरीत तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या लहानशा मंचावर, सैलसर कोट घालून, नर्तक नाहीत, आगीचे फवारे नाहीत, अशा स्थितीत पोर्तुगीजमध्ये एक हळुवार गाणे गायला. त्याला ७५८ गुण मिळाले, गाब्बानी सहावा आला. १९६४ पासून भाग घेत आलेल्या पोर्तुगालचा हा पहिलाच विजय होता. संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना, असे सोब्राल विजयानंतर त्याच मंचावरून म्हणाला. काही चाहत्यांना त्यात आपल्या आवडीचा उपहास दिसला आणि तो वाद अजून पूर्ण विझलेला नाही.

आता गुणांकडे येऊ, कारण पुष्कळशी हळहळ तिथे जन्मते. १९७५ पासून प्रत्येक देश आपल्या पहिल्या दहा पसंतींना १२, १०, ८ आणि मग ७ ते १ असे गुण देतो, आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. लोकसंख्येचा येथे संबंध नाही. सुमारे ३४ हजार वस्तीच्या सान मारिनोचे १२ गुण आणि आठ कोटींहून अधिक लोकांच्या जर्मनीचे १२ गुण यांचे वजन सारखेच असते. पूर्वी केवळ परीक्षक गुण देत. १९९७ मध्ये ५ देशांत दूरध्वनीवरून प्रेक्षकांचे मत घेण्याचा प्रयोग झाला आणि लवकरच तीच पद्धत रूढ झाली. मग शेजारी देश एकमेकांना गुण वाटतात, परदेशी स्थायिक झालेले लोक मायदेशाला मत देतात, अशा तक्रारी वाढल्या. ग्रीस आणि सायप्रस यांची बारा गुणांची देवाणघेवाण तर इतकी ठरलेली असते की ती जाहीर होताना प्रेक्षागृहात हसू आणि हुर्यो एकदमच उठते. यावर उपाय म्हणून २००९ मध्ये अंतिम फेरीत परीक्षक परत आले, निम्मे गुण त्यांचे आणि निम्मे प्रेक्षकांचे. २०१६ पासून हे दोन्ही निकाल वेगवेगळे जाहीर होतात, आणि प्रेक्षकांचे गुण शेवटी ठेवल्यामुळे निकालाचे पारडे अगदी अखेरच्या क्षणी फिरू शकते.

या दोन मतदानांत मोजण्याची रीतच भिन्न आहे, आणि हे न कळल्यामुळे परीक्षकांना पुष्कळदा उगाच खलनायक ठरवले जाते. प्रेक्षक फक्त आवडीला मत देतो, नावडीला नाही. शंभरांपैकी दहाजण एखाद्या गाण्यामागे वेडे असतील आणि उरलेल्या नव्वदांना ते मुळीच सोसत नसेल, तरी त्या दहाजणांची मते ते गाणे वर नेतात. परीक्षकाला मात्र सर्व गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावावी लागतात, त्यामुळे एकाने पहिले आणि दुसऱ्याने विसावे ठरवलेले गाणे मागे पडते, तर सर्वांनी तिसरे-चौथे ठरवलेले नीटस गाणे पुढे सरकते. शिवाय परीक्षक आपले मत देतात ते आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर. म्हणजे ज्या सादरीकरणाने जगभरचे प्रेक्षक शनिवारी भारावून जातात, ते परीक्षकांनी पाहिलेलेच नसते. जुने चाहते हे जाणतात आणि शुक्रवारच्या तालमीत कोणाचा सूर हलला याच्या बातम्या मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात.

लिव्हरपूलमध्ये जे घडले ते पुढे दोन वर्षे वेगळ्या रूपात घडत राहिले. २०२४ मध्ये माल्म्यो येथे स्वित्झर्लंडच्या नेमोने ५९१ गुण मिळवून स्पर्धा जिंकली, पण प्रेक्षकांची पहिली पसंती होती क्रोएशियाचा बेबी लझान्या. शहरात निघालेल्या खेडवळ पोराची गोष्ट सांगणारे त्याचे गाणे लोकांना विलक्षण भावले होते. २०२५ मध्ये बाझेलला ऑस्ट्रियाचा जेजे जिंकला. तो व्हिएन्नाच्या ऑपेरात काम केलेला, स्त्रीस्वराच्या पट्टीत गाणारा गायक, आणि त्याच्या गाण्याची सुरुवात ऑपेरासारखी होऊन शेवट टेक्नोच्या दणदणाटात होतो. परीक्षकांचे २५८ आणि प्रेक्षकांचे १७८ मिळून त्याचे ४३६ गुण झाले. प्रेक्षकांनी सर्वाधिक २९७ गुण दिले होते इस्रायलच्या युवाल राफाएलला. याच वर्षी यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मे हिला परीक्षकांनी २१४ गुण दिले आणि प्रेक्षकांनी शून्य.

त्या मोसमात चाहत्यांची खरी लाडकी मंडळी मात्र तिसरीच होती, आणि मराठी कानाला त्यांचे नाव ऐकून हसू येईल, कारण त्रिकुटाच्या नावांच्या आद्याक्षरांपासून बनलेले ‘KAJ’ हे नाव उच्चारात थेट आपल्या ‘काय’सारखे आहे. हे तिघे फिनलंडचे, पण त्या देशातल्या स्वीडिश भाषकांपैकी. त्यांनी स्वीडनच्या निवड फेरीत २०१५ च्या युरोव्हिजन विजेत्याला, मोन्स झेल्मेरलोव्हला, हरवले. गाणे होते ‘सौना’ घेण्याविषयी, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीत घाम गाळण्याच्या फिनिश रिवाजाविषयी, आणि तेही त्यांच्या गावच्या स्वीडिश बोलीत. १९९८ नंतर स्वीडनने आपल्या भाषेत गाणे पाठवण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन महिने सट्टेबाजांच्या यादीत ते अव्वल होते, आणि अखेर चौथे आले. हा गोरिलाचाच किस्सा दुसऱ्या वेशात, असे म्हणायला हरकत नाही.

भाषेचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाला आपल्याच भाषेत गाणे सक्तीचे होते. १९९९ मध्ये ती सक्ती गेली आणि बहुतेकांनी इंग्रजीची कास धरली. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे कुठल्याही देशाचे गाणे कुठल्याही देशाचे वाटावे अशी होती. पोर्तुगीजच्या २०१७ मधल्या विजयानंतर वारे फिरले. २०२१ मध्ये पहिली तीन गाणी इटालियन आणि फ्रेंच होती, २०२२ मध्ये युक्रेनच्या कलुश ऑर्केस्ट्राने युक्रेनियनमध्ये गाऊन प्रेक्षकांकडून ४३९ गुण मिळवले, जो आजवरचा विक्रम मानला जातो. चाहत्यांना न कळणाऱ्या भाषेची अडचण वाटत नाही, उलट तीच मौज ठरते. ते शब्द लिपी बदलून लिहून घेतात, उच्चार घोकतात, अर्थ शोधतात, आणि एखादा फिनिश शब्द अचूक म्हणता आल्यावर लहान मुलासारखे खूश होतात.

समलिंगी आणि पारलिंगी चाहत्यांचा या स्पर्धेशी असलेला जिव्हाळा सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला दाना इंटरनॅशनल ही पारलिंगी गायिका इस्रायलतर्फे जिंकली आणि २०१४ मध्ये कोपनहेगनला दाढी राखून झगमगत्या झग्यात गाणारी कोंचिता वुर्स्ट ऑस्ट्रियातर्फे जिंकली. ज्या माणसांना आपल्या गावात दबून राहावे लागत होते, त्यांनी स्वतःसारखे कुणीतरी सबंध खंडासमोर मान ताठ करून उभे असलेले इथे पाहिले. चाहतामंडळांची उभारणी आणि त्यांतली मैत्री यांचा मोठा भाग या लोकांनी सांभाळला आहे.

हरणाऱ्यांवरही चाहत्यांचा जीव असतो. १९७८ मध्ये नॉर्वेच्या यान टाइगेनला एकही गुण मिळाला नाही, पण तेच गाणे मायदेशी तुफान चालले आणि तो तिथला लाडका कलाकार राहिला. २०२० मध्ये महासाथीमुळे स्पर्धाच रद्द झाली, तेव्हा निवडलेली गाणी गुणांविना राहिली. त्या वर्षी आइसलँडचा दाडी फ्रेयर जिंकला असता की नाही, यावर आजही तावातावाने बोलले जाते. पुढच्या वर्षी तो नवे गाणे घेऊन आला, पण संघातल्या एकाला संसर्ग झाल्याने त्याच्या तालमीचे चित्रीकरणच दाखवावे लागले, तरी तो चौथा आला.

हा उत्साह निर्भेळ मात्र नाही. स्पर्धा राजकारणापासून अलिप्त असल्याचे आयोजक सांगतात, पण २०२२ मध्ये रशियाला वगळले गेले, आणि गाझातील युद्धानंतर इस्रायलच्या सहभागावरून चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. डिसेंबर २०२५ मध्ये स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड इथल्या प्रसारण संस्थांनी व्हिएन्नाच्या २०२६ च्या स्पर्धेतून माघार जाहीर केली. यांतल्या आयर्लंडच्या नावावर सात विजय आहेत, स्वीडनइतकेच. एका प्रेक्षकाला देता येणारी मते २० वरून १० वर आणण्याचा आणि उपांत्य फेरीत परीक्षक परत आणण्याचा निर्णय त्याच सुमारास झाला. अनेक जुन्या चाहत्यांनी त्या वर्षी घरी पार्टी ठेवायची की नाही, यावर मित्रांशी भांडणे केली.

आपल्याकडच्या ज्या कुणाला उत्सुकता वाटेल, त्याच्यासाठी एक व्यावहारिक बाब: अंतिम फेरी मध्य युरोपात शनिवारी रात्री नऊला सुरू होते, म्हणजे भारतात रविवारच्या पहाटे साडेबाराला, आणि निकाल लागेपर्यंत आपल्याकडे दूधवाला यायची वेळ होते. २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतल्या लोकांनाही इंटरनेटवरून, पैसे भरून, मत देता येते. भारतासकट उरलेल्या साऱ्या जगाची मते एकत्र करून त्यांना एका देशाइतके वजन दिले जाते. पहिल्या वर्षी गाणी आधी न ऐकता बसावे, आपली पसंती कागदावर लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात अल्बानियापासून सुरुवात करावी.